विहारातील पंधरा मिनिटे सिकलसेलग्रस्त भगिनींसाठी

विदर्भातल्या कोणत्याही बौद्ध वस्तीत जा आणि सिकलसेल असलेल्या एखाद्या भगिनीला विचारा, ‘ताई, परवा महिला मंडळाच्या बैठकीला येणार ना?’ ती सरळ ‘येते’ म्हणणार नाही. ‘पाहू, तब्येत बरी राहिली तं येईन,’ असे म्हणेल. हे ‘राहिली तं’ तिच्या आयुष्याला कायमचे चिकटले आहे. लेकीची परीक्षा, नणंदेचे लग्न, दीक्षाभूमीची वारी, रोजगार हमीचे काम, प्रत्येक गोष्टीच्या आधी ‘राहिली तं’. आजार सर्वांनाच होतात. परंतु उद्याचा दिवस आपला आहे की नाही हेच ठाऊक नसणे, हा सिकलसेलमधला वेगळा आजार आहे. त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

आज याच न नोंदलेल्या आजाराबद्दल लिहायचे आहे. कारण त्यावर एक उपाय आपल्याच परंपरेत आहे आणि तो आपणच विसरलो आहोत. तोच उपाय आता शहरांत पैसे घेऊन विकला जातो आहे.

आधी आजार समजून घेऊ. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी गोल, लवचिक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्त व्यक्तीच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि दहा-वीस दिवसांतच फुटतात. म्हणून अंगात रक्त टिकत नाही. शिवाय या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडांत, सांध्यांत, छातीत, पोटात असह्य वेदना सुरू होतात. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही याला ‘क्रायसिस’ म्हणतात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, काम जास्त झाले, तर क्रायसिस येऊ शकतो. पुष्कळदा तो काहीही कारण न दाखवता मध्यरात्री येतो.

हा आजार कोणाच्या घरात आहे? विदर्भात तो प्रामुख्याने आपल्या बौद्ध समाजात आणि गोंड, परधान, माडिया या आदिवासी बांधवांत आढळतो. खानदेशात भिल्ल व पावरा समाजात आढळतो. अजूनही काही घरांत याला करणी, भानामती किंवा पूर्वजन्मीचे पाप म्हणतात. हे साफ खोटे आहे. ज्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या मलेरियाने माणसे मरत होती, तिथे या जनुकाची एकच प्रत असलेली माणसे मलेरियातून अधिक वाचली, म्हणून हे जनुक टिकले. आणि ते ठरावीक समाजांत साचून राहिले, कारण लग्ने जातीतच होत राहिली. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. त्या कुंपणाची खूण आज आमच्या लेकीबाळींच्या रक्तात दिसते.

आई आणि वडील दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’, म्हणजे ग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. दोष दोघांकडून सारखाच येतो. पण बोल कोणाला लागतो? सुनेला! ‘रोगट पोर घेऊन आली’ हे वाक्य तिलाच ऐकावे लागते. पाळीच्या दिवसांत दुखणे वाढते, गरोदरपण जोखमीचे होते आणि पाणी भरणे, धुणी धुणे, वाकून सारवणे मात्र सुटत नाही. जी स्वतः ग्रस्त नाही पण ग्रस्त लेकराची आई आहे, ती रात्री लेकराच्या कण्हण्याकडे कान लावून अर्धवट झोपते. वर्षानुवर्षे! अशा झोपेने शरीराचे काय होत असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का?

अमेरिकेतील परिचारिका-संशोधक मर्ले मिशेल यांनी १९८८ साली आजारपणातील अनिश्चिततेचा सिद्धांत मांडला. आपल्या आजाराचा अर्थ लागत नाही, पुढे काय होईल याचा अंदाज येत नाही, तेव्हा ही अनिश्चितताच रुग्णावर वेगळा भार टाकते, असे त्यांचे म्हणणे होते. हा भार केवळ मनात राहत नाही. खांदे कानांपर्यंत चढतात, जबडा आवळतो, श्वास उथळ होतो, पोटात गोळा येतो. सिकलसेलमध्ये तर ही बाब अधिक गंभीर आहे. मानसिक ताणामुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हे प्रयोगात मोजले गेले आहे. ज्या वाहिन्यांत आधीच पेशी अडकतात, त्याच भीतीने आणखी अरुंद होतात. म्हणजे भीती ही या आजारात नुसती भावना नाही, ती रक्ताच्या वाटेवरची अडचणही आहे.

आता त्या उपायाकडे येऊ. शरीरकेंद्री उपचार म्हणजे शरीराकडे लक्ष नेऊन मनाचा ताण सैल करणे. त्यात श्वासाची जाणीव, डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाकडे शांतपणे लक्ष देणे, हळुवार हालचाल, उबदार स्पर्श आणि मालिश या साध्या गोष्टी येतात. अमेरिकेत जॉन काबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा असा कार्यक्रम सुरू केला. ज्यांचे जुनाट दुखणे औषधांनी पूर्ण जात नव्हते, असे रुग्ण त्यात येत. आज जगभरच्या रुग्णालयांत तो चालतो. अमेरिकेच्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सिकलसेलच्या वेदनांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात मालिश, योग, ध्वनी-चित्रांच्या साह्याने केलेले शिथिलीकरण अशा गोष्टी औषधांच्या जोडीने वापरता येतील असे म्हटले आहे. हा पुरावा अजून तोकडा आहे, हेही त्याच तज्ज्ञांनी मान्य केले आहे. श्वासाकडे लक्ष दिल्याने क्रायसिस टळतो असा दावा कोणी करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. क्रायसिस येईल तेव्हा येईल. परंतु दोन क्रायसिसमधले दिवस भीतीने खाऊन टाकू नयेत, एवढे या अभ्यासाने साधू शकते. आणि आयुष्य तर त्या मधल्या दिवसांतच जगायचे असते!

काबात-झिन यांनी हे कोठून घेतले? बौद्ध साधनेतून, आणि त्यांनी ते लपवलेले नाही. कुरु देशातील कम्मासधम्म या गावी तथागतांनी सतिपट्ठानाचा उपदेश केला. त्यात चार गोष्टींकडे जागरूक राहायला सांगितले : काया, वेदना, चित्त आणि धम्म. पहिला क्रमांक कायेचा आहे. आत्म्याचा नाही, देवाचा तर नाहीच. चालताना, बसताना, हात वाकवताना, श्वास घेताना आपले शरीर काय करते आहे ते जाणा, असे सांगणारा हा उपदेश आहे. त्यात मंत्र नाही, नवस नाही, मध्यस्थ नाही. विवेकाने जगू पाहणाऱ्या माणसाला यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

याच संदर्भात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेमागून येणारा आक्रोश, भीती आणि तगमग हा दुसरा बाण. जाणत्या माणसाला पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही. दृष्टांत अचूक आहे. परंतु आमच्या भगिनींच्या बाबतीत एक प्रश्न विचारावाच लागेल. दुसरा बाण नेहमी आपला आपणच मारून घेतो का?

‘सारखी दुखते म्हणते, नाटक करते’ हा सासरचा बाण. ‘तुम्हा लोकांना इंजेक्शनची सवय लागली आहे’ हा दवाखान्यातला बाण. ‘सुट्टी घ्यायची तर कामावर येऊ नको’ हा मुकादमाचा बाण. ‘रक्ताची बाटली नाही, नातेवाईक आणा’ हा व्यवस्थेचा बाण. हे बाण डोळे मिटून निघत नाहीत. आतला बाण काढायला धम्माचा अभ्यास हवा आणि बाहेरचे बाण थांबवायला चळवळ हवी. यांतले एक घेऊन दुसरे टाकणारा माणूस आमच्या भगिनीला अर्धेच औषध देतो.

इथे चळवळीतील काही ज्येष्ठ कार्यकर्ते आक्षेप घेतील. लढणाऱ्या समाजाला डोळे मिटायला शिकवू नका, असे ते म्हणतील. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ साली सुरू झाले, तेव्हापासून विपश्यना आणि बाबासाहेबांचा धम्म यांच्या नात्यावर आपल्यात वाद आहे. त्यामागची काळजी खरी आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेला धम्म माणसामाणसांतील नाते बदलण्यासाठी होता, गुहेत बसण्यासाठी नव्हता. आणि हेही खरे, की दहा दिवस घरदार सोडून मौनात बसणे मोलमजुरी करणाऱ्या, त्यातही आजारी बाईला परवडणारे नाही. परंतु शरीराची काळजी म्हणजे लढ्यातून पळ काढणे, हे समीकरण चुकीचे आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कष्टकरी स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगितले. कामगार स्त्रीच्या थकलेल्या शरीराला विसावा मिळणे हा त्यांच्या लेखी राजकीय प्रश्न होता. मग तो आपल्या लेखी खाजगी कसा?

आणखी एक दाखला आपल्या जवळचा आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या ब्लॅक पँथरने आदल्याच वर्षी, १९७१ साली, काय केले होते? सिकलसेलच्या मोफत तपासणीची मोहीम उघडली होती! कृष्णवर्णीयांचा हा आजार तिथल्या गोऱ्या सरकारने दुर्लक्षिला होता. पँथरच्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासण्या केल्या, लोकांना आजार समजावून सांगितला. त्यानंतर १९७२ साली अमेरिकी सरकारने सिकलसेल नियंत्रणाचा कायदा केला. त्याच पक्षाच्या नेत्या एरिका हगिन्स १९६९ ते १९७१ या काळात तुरुंगात होत्या. तिथे त्या योग आणि ध्यान शिकल्या. सुटल्यावर काही आश्रमात जाऊन बसल्या नाहीत, तर ओकलंडमध्ये पक्षाने चालवलेल्या मुलांच्या शाळेची धुरा त्यांनी सांभाळली. नाव आपण पँथरचे घेतले. नाव घेतले, घोषणा घेतली, त्वेष घेतला. रक्ताचा थेंब तपासणारा तो हात मात्र घ्यायचा राहिला.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे आणि तो अधिक मोठा आहे. शांत बसायला शिकवून तक्रार बंद करण्याचा! ‘मन खंबीर ठेवा, श्वास घ्या, सगळे ठीक होईल’ हे बोल औषध संपलेल्या दवाखान्यात फार सोयीचे पडतात. बाईची भीती हा तर अनेकांचा धंदाच आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली काय उघड झाले ते आठवा. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली निघाली. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ हे ऐकून शस्त्रक्रियेला तयार झाली, अशा कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. तिला खरे निदान मिळाले नाही, भीती मिळाली, आणि त्या भीतीची किंमत तिने आपल्या अवयवाने चुकवली. सिकलसेलग्रस्त स्त्रीचीही फसवणूक वेगळ्या रीतीने होते. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के स्त्रियांना रक्ताल्पता आढळली. त्यामुळे ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणत लोहाच्या गोळ्या देऊन बोळवण करणे सोपे जाते. त्या गर्दीत सिकलसेल वर्षानुवर्षे लपून राहतो. म्हणून आधी तपासणी, मग निदान, मग औषध, आणि या सर्वांच्या सोबतीला शरीराचा अभ्यास, हा क्रम कधीही उलटा होता कामा नये.

हा क्रम तथागतांनीच घालून दिला आहे. अतिसाराने अंथरुणातच घाण होऊन पडलेला एक भिक्षू त्यांनी पाहिला. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचावर निजवले. संघाला उपदेश केला तो त्यानंतर. आधी पाणी, मग उपदेश. प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे हे सूत्र आहे.

मग करायचे काय? आपल्या विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते आणि त्याला सर्वांत जास्त उपस्थिती स्त्रियांची असते. वाचनाआधीची पंधरा मिनिटे या भगिनींसाठी द्यावीत. त्यासाठी फी नको, गुरू नको, पांढरी चटई नको. भिंतीला पाठ टेकून बसावे. ज्यांना डोळे मिटल्यावर घाबरल्यासारखे होते त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, बळजबरी करू नये. श्वास येतो कसा, जातो कसा, एवढेच पाहावे. मग पायाची बोटे, पोटऱ्या, गुडघे, कंबर, खांदे, जबडा, एकेका ठिकाणी लक्ष न्यावे. जिथे आवळलेले असेल तिथे सैल सोडावे. दुखत असेल तिथे ‘दुखते आहे’ एवढेच म्हणावे, ‘आता काय होईल’ हे पुढचे वाक्य थांबवून पाहावे. शेवटी ज्या भगिनीला बोलायचे असेल तिने बोलावे आणि बाकीच्यांनी सल्ला न देता ऐकावे. ‘तुझे दुखणे खरे आहे’ हे चारचौघींत ऐकायला मिळणे, हाही बाहेरचा एक बाण उपसणेच आहे.

याच पंधरा मिनिटांत दोन-चार कामाच्या गोष्टी पाठ करून घ्याव्यात. भरपूर पाणी प्यावे. थंडीत अंग झाकावे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, उबदार शेक द्यावा. डॉक्टरांनी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. गरोदर राहण्याचा विचार असेल तर हायड्रॉक्सीयुरियाविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक खूप फिकट पडणे, हातपाय लुळे पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले, तर श्वासाकडे बघत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रीच्या क्रायसिसमध्ये तर क्षणभरही थांबू नये. विहाराच्या फळ्यावर रक्तदात्यांची यादी आणि रात्री रिक्षा काढणाऱ्या तरुणांचे नंबर लिहून ठेवावेत. अनिश्चितता पूर्ण संपणार नाही. पण ‘रात्री दोनला दुखायला लागले तर कोणाला उठवू?’ या प्रश्नाचे उत्तर पक्के झाले, तरी तिचे अर्धे खांदे खाली येतील.

आणि सरकारला जाब विचारायचा तो वेगळा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य आहे. सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प आहे. मोहिमेचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि तो रास्तच आहे. परंतु नागपूर, भंडारा, चंद्रपूरच्या बौद्ध वस्त्यांतील रुग्णांचे काय, हे विचारणे आपले काम आहे. तपासणी झाली, कार्ड हातात आले, पुढे काय? औषध तालुक्याला सलग मिळते का? क्रायसिसमधील बाईला रांगेत उभे न करता वेदनाशामक मिळते का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत घेतले. पण सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या गटांत रक्ताच्या आजारांना जागा दिली नाही. महिन्याचे किती दिवस आपले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांना नोकरीचा आधार नको, असे कायद्याला वाटते काय? सिकलसेल केंद्रांत समुपदेशक असतील तिथे शरीरकेंद्री अभ्यास शिकवण्याची सोय व्हावी, हीही मागणी करू. पण ती यादीत शेवटी. औषध, रक्त, खाट आणि आदराची वागणूक आधी!

यंदा वर्षावासाला ग्रंथ उघडण्यापूर्वी आपल्या विहारात नजर फिरवा. कोणती भगिनी आली नाही ते पाहा. तिच्या दाराशी जा. ‘का आली नाहीस?’ असे विचारू नका. ‘आज कसे आहे?’ असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत उभे राहा.

जयभीम!